बारीक शीळ

जीप तिसऱ्यांदा वर्कशॉपला आली ती दोराला बांधून. पुढे ट्रॅक्टर, मागे जीप, आणि जीपचं स्टिअरिंग धरून बसलेला स्वामीनाथ. गावादेखत आपल्यालाच कुणी दोर लावून ओढत आणल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता.

शामसुंदर एका टेंपोखाली आडवा पडून सायलेन्सरचे नट सोडवत होता. त्याला आधी चाकं दिसली. टायरच्या खोल नक्षीत शेताचा काळा चिखल वाळून बसला होता. माणूस बघायची गरजच नव्हती. तो सरपटत बाहेर आला आणि लुंगीच्या सोग्याला हात पुसत उभा राहिला.

कुंभकोणमहून स्वामीमलैला जाणाऱ्या रस्त्याला, एका जुन्या करंजाच्या झाडाखाली, व्यंकोजींची पत्र्याची शेड होती. थोरला भाऊ व्यंकोजी, म्हणजे अण्णा, मालक आणि धाकटा शामसुंदर त्याच्या हाताखाली. धाकट्याचे केस पिकले तरी या मांडणीत फरक पडला नव्हता. घरात दोघं पूर्वजांनी इकडे आणलेली जुनी मराठी बोलत, गिऱ्हाइकाशी तमिळ. दिवाळीच्या सुमाराचा ऐप्पसी महिना लागला होता आणि पाऊस रोज दुपारनंतर येऊन जात होता. कुरुवैचं, म्हणजे पहिल्या हंगामाचं, भात कापून झालं होतं, पण शेतात लॉरी शिरत नव्हती. अशा दिवसांत चिखलातून पोती रस्त्यापर्यंत आणायला चारी चाकं ओढणारी गाडीच लागते, आणि इन्नंबूरच्या बाजूला ती एकट्या स्वामीनाथकडे होती.

"मेस्त्री, हे काय चाललंय?" स्वामीनाथ खाली उतरत म्हणाला. "रिकामी असली की सशासारखी पळते. पोती भरून चिखलात घातली, चारी चाकं जोडली, की धाप लागते आणि बंद. थोडा वेळ उभी ठेवा, पुन्हा सुरू. जणू काही झालंच नाही. आता भरवसाच उरला नाही म्हणून ओढत आणली."

बोलताना त्याच्या गालात पान होतं आणि तोंड ट्रॅक्टरवाल्याकडे होतं. व्यंकोजी त्याच्या ओठांकडे बघायला जरा पुढे वाकले.

"बरं, बरं," ते म्हणाले. "सेल्फ स्टार्टर बघतो."

"सेल्फला काय झालंय?" स्वामीनाथ वळला. "सेल्फबद्दल कोण बोललं?"

"अण्णा म्हणतात, आधी सुरू करून बघू," शामसुंदर मध्ये पडला.

असं मध्ये पडायची त्याला आता सवय झाली होती. दोन-तीन वर्षांपासून हे हळूहळू चाललं होतं. आधी फोन आला की अण्णा म्हणत, माझे हात तेलाचे आहेत, तूं घे. मग गिऱ्हाईक बोलत असलं की ते त्याच्या अगदी समोर जाऊन उभे राहू लागले. एके काळी हाच माणूस शेडमध्ये खाली मान घालून काम करता करता रस्त्यावरून गेलेल्या गाडीचा पट्टा ढिला आहे असं सांगायचा, आणि गाडीवाला संध्याकाळी पट्टा बदलायला यायचा. डिझेल इंजिन कानानं बघायचं असतं, असं त्यांनी शामसुंदरला पान्यानं पाठीवर मारून शिकवलं होतं. आता ते कान गेले होते आणि अण्णा झाकली मूठ घेऊन बसले होते. शामसुंदरनंही ती उघडली नाही. उघडून हातात काय येणार होतं?

व्यंकोजींनी जीपचा मागचा हूक दोरानं करंजाच्या बुंध्याला बांधायला सांगितला. शामसुंदर आत बसला, बारका गिअर टाकला आणि क्लच अर्धा सोडून इंजिनावर जोर दिला. जीप जागच्या जागी थरथरू लागली. बोनेट उघडं होतं. व्यंकोजींनी लांब दांड्याचा पेचकस पंपावर टेकवला आणि मूठ कानाला लावून डोळे मिटले.

शामसुंदरनं ॲक्सिलरेटर आणखी दाबला. इंजिनाच्या घरघरीखाली त्याला एक बारीक शीळ ऐकू आली. रिकाम्या शहाळ्यात नळी घालून ओढत राहावं, तशी. मग इंजिनाचा आवाज वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला. कुठेतरी मागे, टाकीकडून येणाऱ्या वाटेत, डिझेल अडत होतं. पंप ओढत होता आणि त्याला मिळत नव्हतं. त्यानं इंजिन बंद केलं.

व्यंकोजींनी डोळे उघडले. "पंप," ते ठामपणे म्हणाले. "आतून ठोका ऐकूं येतो. खणखण. बघटलास की नाहीं?"

ठोका नव्हता. खणखण नव्हती. शामसुंदरनं अण्णांच्या तोंडाकडे पाहिलं. अण्णांची नजर त्याच्यावर अशी रोखलेली होती की, पुढे आलेला शब्द त्यानं गिळून टाकला.

"होय अण्णा," तो म्हणाला.

"आधी फिल्टर म्हणालात, ते बदललं," स्वामीनाथ म्हणाला. "मग नोझल म्हणालात, ते झालं. आता पंप?"

"पंपच," शामसुंदर म्हणाला. आपलाच आवाज त्याला परका वाटला.

पंप उतरवून गावात पंप दुरुस्त करणाऱ्याकडे पाठवला.

दुपारी शामसुंदर घरी जेवायला गेला. वैनी, म्हणजे भवानी, पान वाढत होती. अण्णा मागाहून येणार होते. आमटीचा डाव पातेल्यात ठेवून ती त्याच्यासमोर पाटावर बसली.

"काल देवळांतून येतां येतां बस आली मागून," ती म्हणाली. "हॉर्न वाजवून वाजवून थकला तो. हे आपले मधोमध चालतात. मीं हात धरून ओढटलें, तर मजवरच रागावले."

शामसुंदर भात कालवत राहिला.

"तूं सांग त्यांस. डॉक्टराकडे चला म्हणून."

"मीं कैसा सांगूं वैनी?"

"मग कोण सांगेल? मीं सांगटलें तर म्हणतात, तूंच हळू बोलतेस."

"बघूं," तो म्हणाला.

"बघूं बघूं म्हणत दोघे भाऊ असेच बसा," भवानी म्हणाली आणि ताक आणायला उठली.

पंपवाल्याचा निरोप दुसऱ्या दिवशी आला. पंपात काही दोष नाही, नुसता धुऊन परत देतो. व्यंकोजींनी तो निरोप शामसुंदरकडून दोनदा सांगून घेतला आणि म्हणाले, "त्यास काय कळतें? धुवटला, म्हणजे घाण होती."

पंप बसवला. डिझेलच्या वाटेतली एअर काढली. टाकीपासूनची वाट मोकळी आहे ना, म्हणून व्यंकोजींनी पंपाकडची रबरी नळी तोंडात धरून टाकीच्या दिशेनं फुंकलं. हवा आरपार गेली. नळी वर्षभरापूर्वी त्यांनीच घातलेली होती, जाड आणि काळी, बाहेरून एक चीर नाही. शामसुंदरनं तिच्यावरून बोटं फिरवली. अण्णांनी घातलेली, अण्णांनी फुंकलेली. त्यानं बोनेट खाली ओढलं.

स्वामीमलैपर्यंत जाऊन आले. रिकामी जीप सशासारखी पळाली. स्वामीनाथनं किल्ली घेतली आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी फोन आला तेव्हा सकाळची कॉफी नुकतीच झाली होती. व्यंकोजींनी फोन शामसुंदरकडे सरकवला. हात तेलाचे नव्हते तरी.

"शेताच्या मधोमध उभी आहे," स्वामीनाथ ओरडत होता. "ट्रेलर भरलाय. आभाळ बघा एकदा घराबाहेर येऊन. मेस्त्रींना घेऊन या. आत्ता."

आभाळ पूर्वेला वांग्याच्या रंगाचं झालं होतं. दोघं भाऊ स्कूटरवर निघाले. शामसुंदर चालवत होता. व्यंकोजी हत्यारांची पिशवी मांडीवर घेऊन मागे बसले होते. इन्नंबूरच्या अलीकडे डांबरी रस्ता संपला, पुढे बांध होता. स्कूटर तिथंच लावून त्यांनी चपला काढल्या आणि लुंग्या वर खोचल्या. चिखल पोटऱ्यांपर्यंत. प्रत्येक पावलाला पाय उपटून काढावा लागत होता. व्यंकोजी एकदा बसकन घसरले. शामसुंदरनं हात पुढे केला तो त्यांनी घेतला नाही. ते ट्रेलरच्या चाकोरीच्या कडेला हात टेकून उठले.

जीप आसांपर्यंत रुतली होती. ट्रेलरवर भाताची पोती रचलेली, वर एकच फाटकी ताडपत्री. पोती उचलणाऱ्या बाया बांधावर ओळीनं बसल्या होत्या. मागे कापलेल्या शेतात आणखी पोत्यांचा ढीग होता. भात भिजलं तर खरेदी केंद्रावर कुणी हात लावत नाही, आणि दोन दिवस ओलं राहिलं तर पोत्यातच मोड येतात. हे तिथल्या कुणाला सांगायची गरज नव्हती. सगळी वारंवार पूर्वेकडे बघत होती.

"किती वेळ लागेल?" स्वामीनाथनं विचारलं.

वारा सुटला होता. व्यंकोजी बोनेटची कडी शोधत होते. "अर्धी तरी असेल ना?" ते म्हणाले.

"काय अर्धी?"

"टाकी. डिझेल."

बांधावरची एक बाई फसकन हसली. दुसरीनं पदर तोंडाला लावला.

"मी वेळ विचारतोय!" स्वामीनाथ अण्णांच्या तोंडाशी येऊन ओरडला. "वेळ! ऐकू येत नाही का? बहिऱ्याच्या हातात मी इंजिन दिलं! तीनदा!"

एवढं मात्र ऐकू गेलं. बांधावरचं हसू थांबलं. व्यंकोजींनी कडी सोडली, बोनेट वर केलं, टेकू लावला. मानेवरची शीर ताठ झालेली शामसुंदरला मागून दिसली. त्यांनी पिशवीतून पाना काढला आणि नोझलच्या नटाला लावला. तो नट सोडायचं काही कारण नव्हतं. हात काहीतरी करत असले म्हणजे माणूस उभा राहू शकतो, एवढंच.

शामसुंदर पुढे झाला. त्यानं अण्णांच्या मनगटावर हात ठेवला.

व्यंकोजींनी वर पाहिलं. आजवर कुणी त्यांचा चालता पाना धरला नव्हता.

"अण्णा, नोझल नको," शामसुंदर म्हणाला. मग त्यांना दिसावं म्हणून मान हलवली आणि हातानं मागे, टाकीकडे, खूण केली. "डिझेल येत नाहीं. वाटेंत अडतें."

"फुंकटलें मीं," व्यंकोजी म्हणाले. "मोकळी आहे."

"करून बघूं."

शामसुंदरचा हात मनगटावर, पाना नटावर. मग व्यंकोजींनी पाना काढून घेतला आणि बाजूला सरले.

स्वामीनाथकडे ट्रॅक्टरसाठी आणलेला डिझेलचा प्लास्टिकचा कॅन होता. शामसुंदरनं तो जीपच्या टपावर दोरीनं आवळला, पिशवीतली पारदर्शक नळी त्यात सोडली आणि दुसरं टोक सरळ पंपाला जोडलं. टाकी आणि टाकीपासूनची सगळी वाट यातून बाजूला पडली. एअर काढायला व्यंकोजी आपण होऊन खाली वाकले. हातपंप दाबत, नट ढिला करून, बुडबुडे संपून नुसतं डिझेल येईपर्यंत त्यांनी अंगठा तिथून हलवला नाही. या कामाला कान लागत नव्हते.

"मारा," शामसुंदर म्हणाला.

स्वामीनाथनं किल्ली फिरवली. इंजिन लागलं. चारी चाकं जोडली, बारका गिअर. जीप थरथरली, चिखलातून फुगल्यासारखी वर आली आणि ट्रेलर घेऊन हलली. बाया उठून उभ्या राहिल्या. चाकं चिखल मागे फेकत होती. त्यातला एक गोळा व्यंकोजींच्या सदऱ्यावर बसला. शामसुंदर जीपबरोबर धडपडत चालत होता, कान बोनेटकडे लावून. आवाज एका रेषेत होता. ना वर, ना खाली. पोती बांध चढून डांबरापर्यंत गेली आणि इंजिनाला धाप लागली नाही.

"मग दोष कुठे आहे?" स्वामीनाथ उतरून म्हणाला. आता तो शामसुंदरशी बोलत होता.

शामसुंदर जीपच्या पोटाखाली शिरला. रबरी नळीचे दोन्ही क्लॅम्प सोडून त्यानं ती बाहेर काढली. टपावरचा कॅन उतरवून टाकीकडचं टोक त्यात बुडवलं, दुसरं तोंडात धरलं आणि जीव खाऊन ओढलं. आधी तोंडात डिझेल आलं. मग एकदम काही येईना. जीभ आत ओढली जाऊ लागली, गाल खपाटीला गेले. त्यानं नळी सोडली आणि थुंकला. डोळ्यांत पाणी आलं होतं. घशात जळत होतं. त्यानं नळी अण्णांच्या हातात दिली.

व्यंकोजींनी आधी फुंकलं. मोकळी. मग ओढलं. त्यांचा चेहरा तसाच थांबला. ते पण थुंकले. खिशातून पातं काढून त्यांनी नळी जीपच्या मडगार्डवर ठेवली आणि उभी चिरली. बाहेरचं रबर शाबूत होतं. आतला पापुद्रा एका बाजूनं सुटून, भाजलेल्या वांग्याच्या सालीसारखा लोंबत होता. फुंकलं की तो चिकटून बसायचा, आणि पंपानं जोरात ओढलं की झडपेसारखा आडवा यायचा. जितका भार जास्त, तितकी ओढ जास्त. गाडी थांबली की पापुद्रा पुन्हा मागे.

"मींच घाटली होती," व्यंकोजी म्हणाले. त्यांनी चिरलेली नळी दुमडून खिशात टाकली.

पहिले थेंब पडले ते नवी नळी बसवताना. तिचा तुकडा व्यंकोजींनीच पिशवीतून शोधून दिला, क्लॅम्पही त्यांनीच आवळले. मग पाऊस झोडपायला लागला. मागच्या ढिगातली पोती आणायला जीपनं चार फेऱ्या केल्या. बायांबरोबर शामसुंदरनंही पोती उचलली, स्वामीनाथनंही. व्यंकोजींनी ट्रेलरवर उभं राहून ताडपत्री धरली. ती वाऱ्यानं फाटत गेली. ढिगाच्या तळची काही पोती हाताला जड लागत होती, वजन वाढलेली, आतपर्यंत भिजलेली. ती वेगळी टाकली. कालच्या काल काम झालं असतं तर ती वाचली असती. हे शामसुंदरच्या मनात आलं आणि तिथंच राहिलं.

शेवटची फेरी डांबरावर आली तेव्हा पाऊस ओसरत होता. जीप चालूच होती. स्वामीनाथ सगळा भिजून निथळत होता आणि त्याचा राग पण बराचसा निथळला होता. सकाळी आपण काय बोललो ते त्याला आठवत असावं. तो व्यंकोजींच्या समोर आला, सरळ तोंडाकडे तोंड करून, आणि बोनेटकडे हात करत म्हणाला, "मेस्त्री, तुम्ही एकदा ऐका. कसा आहे आवाज? आता बिनधास्त राहू ना?"

हा मान होता. मोठ्या मेस्त्रीला विचारायची रीत होती. इतक्या वर्षांत शेकडो गिऱ्हाइकांनी असंच विचारलं होतं आणि व्यंकोजींनी मान कलती करून, क्षणभर थांबून, "घेऊन जा" असं उत्तर दिलं होतं. बायाही बघत होत्या. शामसुंदरनं तोंड उघडलं. आता आपण मध्ये पडायचं, अण्णा म्हणतात चांगला आहे, असं म्हणायचं.

व्यंकोजींनी हात वर करून त्याला थांबवलं.

"मला ऐकू येत नाही," ते तमिळमध्ये म्हणाले. साध्या आवाजात, पण सगळ्यांना जाईल एवढ्या. "कान गेलेत. याला विचार. हा सांगेल."

स्वामीनाथला काय करावं कळेना. त्यानं शामसुंदरकडे पाहिलं. शामसुंदर बोनेटवर वाकला. ऐकण्यासारखं आता काही उरलं नव्हतं, तरी तो पुरेसा वेळ वाकून राहिला.

"चांगला आहे," तो म्हणाला. "घेऊन जा."

चपला चिखलातून शोधून दोघं भाऊ स्कूटरवर बसले. रस्ता ओला होता, खड्ड्यांत पाणी होतं. व्यंकोजींनी पिशवी मांडीवर घेतली आणि एक हात शामसुंदरच्या खांद्यावर ठेवला. तोंडातली डिझेलची चव अजून गेली नव्हती. तिरुनागेश्वरम्‌ला चाललेली यात्रेकरूंची बस पाणी उडवत पुढे गेली.

"वैनी म्हणत होती, डॉक्टराकडे जाऊं," शामसुंदर म्हणाला.

मागे ते पोचलंच नाही.

त्यानं स्कूटर हळू केली. जन्मात थोरल्या भावापुढे आवाज चढवला नव्हता. बापासमोर नाही, अण्णांसमोर नाही. घरात ती रीतच नव्हती. त्यानं मान मागे वळवली आणि छाती भरून घेतली.

"अण्णा! उद्यां डॉक्टराकडे जाऊं!"

बांधावर चरणाऱ्या बकऱ्या दचकून पळाल्या. सायकलवाला एक म्हातारा थांबून बघत राहिला.

"ओरडतोस कां रे?" व्यंकोजी म्हणाले. आणि थोड्या वेळानं, खांद्यावरचा हात तसाच ठेवून, "सकाळीं जाऊं. दुपारीं टेंपोचा सायलेन्सर आहे."

"बरें!" शामसुंदर पुन्हा ओरडला.